नुसतं बघत बसायचं काम
आमच्या गादीच्या कारखान्यात छताला आग विझवणाऱ्या पाण्याचे पाइप आहेत. ते बदलायला फायर ब्रिगेडची परवानगी लागली. तिथल्या साहेबांनी अट घातली, "काम होईपर्यंत पाइप कोरडे राहणार. तोवर एका माणसाने दुसरं काहीही न करता नुसतं बघत बसायचं." मी म्हटलं, "आमचे हे आहेत की! त्यात त्यांचा हात कोण धरणार?" शिवणाऱ्या बायका खो खो हसल्या. हेही हसले आणि पाण्याची बादली घेऊन खुर्चीत बसले. वेल्डरने ठिणग्या उडवत पाइप जोडला, सगळे जेवायला उठले. हे हलेनात. "अहो, चला ना, झालं काम!" मी ओरडले. त्यांनी नुसता हात वर केला. मग बादली उचलून, भिंतीवर तळवा फिरवत पलीकडच्या खोलीत गेले. पाइपसाठी भिंतीला भोक पाडलं होतं. अलीकडचा कापूस आम्ही हलवला होता. पलीकडचा कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. त्यांनी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मुठीत काळा पडलेला कापूस आला, आणि त्यात एक लाल ठिपका, डोळ्यासारखा जागा. त्यांनी तो बादलीत बुडवला. चर्र झालं. उरलेलं पाणी त्यांनी ढिगावर ओतलं. आम्ही सगळ्या मागोमाग येऊन दारात जमलेल्या. संध्याकाळी पाइपांत पाणी खळखळत चढलं, साहेबांनी सही केली. "संपलं माझं काम," हे म्हणाले, "आता काय करू?" लग्न झाल्यापासून 'काहीतरी करा हो' म्हणून ह्यांच्या मागे लागलेली मी. मी हाताने त्यांची खुर्ची पुसली. "बसा," म्हटलं, "नुसतं बघत बसा."