फुकटचं तापमान

बापाने दोन मुलांसाठी दोन मजले बांधले, पण बाहेरचं तापमान सांगणारा सेन्सर थोरल्या मिलुतिनने स्वतःच्या पैशाने आणून वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावला होता. आज खालच्या मजल्यावर धाकट्या तिहोमिरच्या खिडकीतही तेच आकडे दिसले. पठ्ठ्याने नुसता डिस्प्ले आणून तो गुपचूप मिलुतिनच्या सेन्सरला जोडून घेतला होता!

मिलुतिन तरातरा अंगणात उतरला. तिहोमिर हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होता.

"फुकट्या! हवासुद्धा माझीच चोरतोस? तुझ्यासारख्या भिकारड्याला दुसरं काय सुचणार म्हणा. आणि माझा माल बघ! चार वर्षं झाली, एकदाही सेल बदलावे लागले नाहीत."

तिहोमिरने मिरची उलटली.

"दर हिवाळ्यात तू उठायच्या आत शिडी लावून नवे सेल कोण घालतं, दादा?"