अकरावी खुर्ची

"आजची ही बैठक इतिहास कधीही विसरणार नाही!" व्हॉलीबॉल लीगचे अध्यक्ष कडाडले. मग माईक बंद असल्याचं कळलं, म्हणून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून कडाडले.

मुख्यालय राजधानीत हलवायचं की इथेच ठेवायचं, याचा आज निकाल. हललं तर सचिवांची नोकरी तरी जाणार, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना मागे टाकून त्यांना तरी जावं लागणार.

अकरा क्लब, अकरा मतं. हजेरीपटावर सह्या घेणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. पहिली सही कोणाची, यावरून दोघांचे चष्मे फुटले होते. तेव्हापासून भरलेल्या खुर्च्या मोजत. आज अकराही भरल्या होत्या. पाच मतं इकडे, पाच तिकडे, हे सगळ्यांना पाठ होतं. उरला अकराव्या क्लबचा नवा प्रतिनिधी. दाराजवळच्या खुर्चीत तो गालाला हात लावून बसला होता. कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

सचिवांनी त्याच्यापुढे चहा धरला. "काका, घ्या ना. गरम आहे."

त्याने मान हलवली.

"चहावर फुटणारा माणूस नाही तो," हलवाहलवीचे पुढारी वकीलसाहेब हसले आणि स्वतःच त्याच्या कानाशी लागले. "दादा, तिकडे सहा मजली इमारत मिळतेय. लिफ्टसकट! येणार ना आमच्याबरोबर?"

गृहस्थाने डोळे मिटून नुसतं "हं..." केलं.

"हे हं होकाराचं की नकाराचं?" खजिनदाराने विचारलं.

"मुरलेला आहे बेटा," वकीलसाहेब पुटपुटले.

"मुख्यालय इथेच राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!" अध्यक्षांनी पुकारलं.

तीन. चार. पाच. अध्यक्षांनी आकडा लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात दाराजवळचा हात सावकाश वर गेला.

"सहा!"

"पुन्हा मोजा!" वकीलसाहेब ताडकन उठले.

पुन्हाही सहाच. तो हात खाली यायचं नाव घेईना, उलट जोरजोरात हलू लागला.

राजधानी बारगळली. सचिव धावतच गेले. "काका, माझ्या म्हाताऱ्याला वाचवलंत हो! सांगा, काय करू तुमच्यासाठी?"

गृहस्थाने गालावरचा हात कसाबसा काढला.

"शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना तेवढं विचारून येता का, माझा नंबर कधी लागणार?"