चौथा भाग

तिसरा भाग संपला आणि मुलांनी पुन्हा जागा बदलल्या. एका दिवसात चार भाग उरकले की चार रविवार सुटतात, हा चॅनलचा शिरस्ता. दर भागाला इंदुमतीबाईंची साडी नवी, पुढच्या रांगेतली मुलं नवी. पडद्यावर मात्र महिना गेलेला दिसायचा.

‘नानीजी की छुट्टी’ इंदूरच्या केबलवर सुरू होऊन तीनच महिने झाले होते. गाणी, नकला, जादू, कोडी. आणि मध्ये खुर्चीत बसून मुलांशी गप्पा मारणारी नानी. त्या इंदुमतीबाई. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दिग्दर्शन त्यांच्या मुलीचं, ऋजुताचं. ती आतल्या खोलीत, काचेमागे, माइकपाशी बसायची.

मुलांनी काही विचारलं की इंदुमतीबाई लगेच उत्तर देत नसत. दोन क्षण थांबत, मग हसून बोलत.

“वो जो रुकती हैं ना, वही शो की जान है,” चॅनल चालवणारा अर्पित सगळ्यांना सांगायचा. “बाकी एंकर तो ऐसे बोलते हैं जैसे पीछे कुत्ता पड़ा हो.”

चौथ्या भागात उंदराची नक्कल करून झाल्यावर आर्या नावाच्या मुलीने विचारलं, “नानीजी, आपको सबसे ज़्यादा कौन पसंद है?”

नानी थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग हिंदी सोडून चक्क मराठीत म्हणाली, “माझी मुलगी. ऋजुता. तिनं मला कधी एकटं सोडलं नाही.”

कॅमेऱ्यामागे कुणीतरी नाक ओढलं. काचेमागून ‘कट’ यायला बराच वेळ लागला.

घरी जाताना राऊच्या रस्त्याला गर्दी होती. गाडीत इंदुमतीबाई म्हणाल्या, “फार थकलात हो तुम्ही आज.” शाळेपासून सगळ्यांना अहोजाहो करायची सवय; अर्पितलाही त्या ‘अर्पितजी’च म्हणत.

“हो, थकले,” ऋजुता म्हणाली.

“मुलं गुणी आहेत पण. ती उंदीरवाली तर भलतीच चंट.”

“भलतीच.”

घरी येऊन दोघींनी खिचडी खाल्ली. सकाळी ऋजुता चहा घेऊन गेली, तेव्हा आई उठली नाही.

भाऊ समीर संध्याकाळी पुण्याहून पोचला. दोन वर्षांनी. सगळं उरकल्यावर एवढंच म्हणाला, “या वयात तिला कामाला लावलंस.”

“तिला मुलांत बरं वाटायचं.”

“घरात नव्हतं वाटत?”



रविवारी ठरल्या वेळी आई टीव्हीवर आली. निळी साडी, हातात कोड्यांच्या चिठ्ठ्या. ऋजुताने आवाज बंद केला होता. पण शेजारच्या घरातही तोच कार्यक्रम लागला होता, आणि भिंतीतून आई हसत होती.

“आवाज लाव की,” समीर म्हणाला.

“नको. पाठ आहे मला.”

पुढच्या रविवारी आई पुन्हा आली, हिरव्या साडीत. खालच्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटून म्हणाली, “नानीजी तो ठीक हो गईं ना, दीदी?” ऋजुताने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती वर आली.

तेरावं झाल्यावर अर्पितने दोघांना तुकोगंजच्या स्टुडिओत, काचेमागच्या खोलीत बोलावलं. कचोऱ्या मागवल्या, त्यांना कुणी हात लावला नाही.

“भिया, आप भी देख लो,” तो समीरला म्हणाला. “चौथा भाग उस मराठी वाली लाइन पे खतम करेंगे. बस, फिर अम्माजी का फोटो. दीदी हाँ बोलें तो रखेंगे, ना बोलें तो काट देंगे.” त्याचा फोन वाजला, तसा तो बाहेर गेला.

समीरने ते वाक्य ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्या वेळी आई थांबली होती तिथेच त्याने चित्र थांबवलं.

“हे लिहिलेलं नव्हतं ना?”

“नाही.”

“कळतंच. हिंदीत बोलता बोलता मराठीवर आली. मनातलंच आलं तिच्या.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “दिवाळीला फोन केला, तर तिनं तो तुझ्या हातात दिला. ‘मला नाही बोलायचं’ म्हणाली. ऐकलं मी. तू म्हणालीस, येत नाहीस म्हणून रागावली आहे. मग मी यायलाच घाबरलो, ऋजू. कुठल्या तोंडानं येणार होतो?”

“समीर...”

“ठेव ते वाक्य. तुझा हक्क आहे, तू केलंस तिचं सगळं. मला फक्त एक सांग, आणि उगाच बरं वाटावं म्हणून नको सांगू. या दोन वर्षांत माझं नाव तिनं एकदा तरी घेतलं? का शेवटपर्यंत राग धरून गेली?”

पडद्यावर आई ओठ किंचित उघडून थांबली होती. बाहेर अर्पित फोनवर कुणाशी तरी हसत होता.

‘घेतलं’ म्हणणं सोपं होतं. समीर पुण्याला गेला असता. रविवारी ते वाक्य इंदूरभर घरोघरी ऐकू गेलं असतं, आणि त्यानंतर ते खोटं म्हणायला कुणी उरलं नसतं.

“राग नव्हता,” ऋजुता म्हणाली. “हे वाक्यही तिचं नाही, समीर. मी इथून माइकवर बोलले, तिच्या कानातल्या इयरफोनमध्ये तिला ऐकू गेलं, तिनं तसंच म्हटलं. चारही भाग, तीनही महिने, सगळं असंच चाललं होतं.”

“का?” समीरने विचारलं.

“मी कोण, तेसुद्धा आईला दीड वर्षापासून आठवत नव्हतं.”