सुती साडीतल्या बाया

"साडी? कसली साडी?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"साधीच, आजी. सुती." कलादालनात अंध पाहुण्यांना चित्रं सांगणाऱ्या मुलीचा आवाज एकदम खाली गेला.

प्रमिलाबाईंना तेवढं पुरलं. डोळे गेल्यापासून लोक त्यांना जग निवडून, पाखडून देत होते. सून म्हणायची, तुळस हिरवीगार आहे. हात लावला की काड्या मोडायच्या. ही पोरगीही त्यातलीच दिसतेय. आधीच्या तिन्ही चित्रांतल्या बाया सुती साडीतच होत्या. चित्रकाराला दुसरं कापडच मिळालं नाही की काय?

चाचपून बघण्यासाठी चित्राखाली त्याचीच उठावाची पाटी लावली होती. त्यांनी तिच्यावर बोटं टेकवली. खांदा लागला. पदर शोधत बोटं खाली उतरली. छाती, पोट, मांडी. निरी कुठेच नव्हती.

"अगं, हिच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही!"

मुलगी पुटपुटली, "आजी, तुम्हाला कसं सांगायचं..."

"मी आंधळी झालेय, देव्हाऱ्यात बसलेली नाही. नीट सांग. तरणी आहे?"

"नाही." मुलगी चित्राकडे वळली. "पन्नाशीची असेल. पोट सुटलंय, त्यावर बाळंतपणाचे वण आहेत. केस विस्कटलेत. पण बसलीय अशी, की सगळी खोली हिच्याच मालकीची."

प्रमिलाबाईंनी पाटीवरच्या पोटावरून पुन्हा बोटं फिरवली.

"हं. आता दिसली," त्या म्हणाल्या. "चल, त्या तिघींच्याही साड्या फेड."