दोन राखणदार, चार कुप्या

नव्या व्यवस्थेत इस्पितळाच्या औषधभांडारप्रमुखांचा फायदा साधा होता: यापुढे कुठल्याही कागदावर त्यांचं नाव येणार नव्हतं. कपाटं उघडायची, कुप्या मोजून द्यायच्या, हे सगळं आता एआय एजंट करणार होता. त्याच्यावर नजर ठेवायला कोणता राखणदार प्रोग्रॅम बसवावा, यावर त्यांनी तीन आठवडे तुलनेचे तक्ते केले. एक होता मागणी नियमात बसते का ते बघणारा. दुसरा, एजंटला लगाम घालून एका वेळी एकच कुपी काढू देणारा. निवड चुकली तर अंगाशी यायचं, म्हणून त्यांनी दोन्ही घेतले आणि एकापुढे एक बसवले.

पहिल्याच सकाळी वॉर्डातली सिस्टर धावत आली. "साहेब, चार कुप्या द्या. पोरीची आकडी थांबत नाहीये."

प्रमुखांनी मागणी टाकली. लगामवाल्याने एक कुपी पुढे सोडली. नियमवाल्याने अडवली: मागणी चारची, निघतेय एक. जुळत नाही.

"मग एकच मागा ना. चार वेळा," सिस्टर म्हणाली.

त्यांनी एक मागितली. पडद्यावर नियमवाल्याचं उत्तर आलं: डॉक्टरांची चिठ्ठी चारची, मागणी एकची. जुळत नाही.

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दोघंही बरोबरच आहेत हो. मग अडलंय कुठे?"

"ते नंतर शोधा. कपाट उघडा आधी."

"तातडीचं बटण आहे. पण ते नाव विचारतं. नियम मोडणाऱ्याचं." त्यांचा हात कीबोर्डपर्यंत गेला आणि तिथेच घोटाळला.

सिस्टरने त्यांना कोपराने बाजूला सारलं, तातडीचं बटण दाबून स्वतःचं नाव टाईप केलं, उघडलेल्या कपाटातून चार कुप्या उचलल्या आणि पळाली.

दुपारी वॉर्डातून निरोप आला, आकडी थांबली. पाठोपाठ अहवाल आले. नियमवाल्याच्या चुका शून्य. लगामवाल्याच्या शून्य. प्रमुखांनी स्वतःचं नाव दोनदा शोधलं, कुठेच नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं. ते का वाटत नाहीये, हे काही त्यांना उमगेना.

अहवालांच्या खाली एजंटने लिहिलेलं, पाठवायच्या बेतात असलेलं पत्र होतं: सिस्टरने चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा. पत्र थांबवायचं असल्यास थांबवणाऱ्याने नाव लिहावं.

प्रमुख ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तेवढ्यात दोन्ही राखणदारांनी पत्र तपासलं. पत्र एक, नाव एक. कुणाचीच हरकत निघाली नाही. पत्र सिस्टरकडे रवाना झालं.