पठारावर न सापडलेलं झाड

"हा दोरा माझा आहे," काकू म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही. टेबलाच्या एका बाजूला त्यांचे नवरे, म्हणजे वनस्पतिशास्त्राचे सर. समोर दुसऱ्या विद्यापीठातून आलेली संशोधक मुलगी, हातात कॅमेरा. मध्ये जाड कागदावर दोऱ्याने टाचलेल्या, एकोणचाळीस वर्षांपूर्वी वाळवलेल्या दोन फांद्या. एक नुसत्या पानांची. दुसरी बोटभर, निळ्या फुलांची. कोपऱ्यात चिठ्ठी, सरांनी सांगितलेली, काकूंच्या अक्षरातली. सरांचं अक्षर सरांनाही लागत नसे.

ठिकाण: पठार, उत्तरेची कड.
जमीन: कोरडी, खडकाळ.
शेरा: हे तर ओल्या सावलीतलं झाड. इथे कसं?

या "इथे कसं?" वर सरांचं नाव झालं. पठारावर कधीकाळी दाट जंगल असलं पाहिजे आणि हे त्यातलं शेवटचं उरलेलं झाड, असं त्यांनी मांडलं. दोनशे बारा संशोधकांनी त्या लेखाचा आधार घेतला. दोघांनी त्यावर डॉक्टरेट मिळवली, एकाने त्याच्याशी भांडून मिळवली. झाड मात्र पुन्हा कुणाला दिसलं नाही. सर अकरा वेळा पठार चढले, शेवटच्या वेळी गुडघ्याला पट्टा बांधून. नामशेष वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव गेलं, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नव्हते.

आता प्रदेशातल्या वनस्पतींवरच्या त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जायची होती. चौथं प्रकरण पूर्ण याच झाडाचं. मुलगी त्यासाठी फोटो काढायला आली होती.

काकू दोऱ्याकडे बघत राहिल्या. पानांच्या फांदीला पांढरा दोरा. फुलांच्या फांदीला निळा.

पांढरा संपला होता. निळा लेकीच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली होती, त्यासाठी आणलेला. आणि मग सगळंच आठवलं. सर पठारावरून आले ते ताप घेऊनच. फांद्या कागदावर वाळल्या, तेवढ्यात लेकीने कागद ओढला, एका फांदीचा चुरा झाला. काकूंनी मागच्या दारी जाऊन तसंच दिसणारं काहीतरी खुडलं, शब्दकोशाखाली चार दिवस दाबलं आणि टाचून टाकलं. ताप उतरल्यावर सरांनी फुलांवरून झाडाचं नाव ठरवलं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? दोरा थोडाच बोलतो.

सर मुलीला भिंगातून पाकळी दाखवत होते. त्यांचे कान लाल झाले होते. या झाडाबद्दल बोलताना ते नेहमीच होत. मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"अहो," काकू म्हणाल्या, "ती फुलांची फांदी पठारावरची नाही. नळापाशीची आहे."

"कुठल्या नळापाशीची?"

"आपल्या."

त्यांनी सगळं सांगितलं, अगदी स्कर्टसकट. मुलीने कॅमेरा हळूच खाली ठेवला.

"तेव्हाच का नाही बोललीस?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला एकशे तीन ताप होता. मग मीही विसरले. मला काय माहीत दोन वेगळी झाडं आहेत ते! मी म्हटलं, कागद अगदी बोडका दिसतोय."

"बोडका!" सर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला. काकूंना वाटलं, आता काही खरं नाही.

"अजून आहे?"

"काय?"

"झाड गं!"

"आहे की. उपटलं तरी येतं मेलं."

सर उठले. मुलगी मागोमाग धावली. "सर, पण चौथं प्रकरण?"

"बदलायचं. चूक कशी झाली ते सगळं छापायचं. त्या दोनशे बारा जणांना मी पत्रं लिहितो, तू पत्ते दे."

"लोक हसतील, सर. सगळं आयुष्य..."

"हसू देत. एकोणचाळीस वर्षं मी त्याच्या नावाने रडलोच ना?"

मागच्या दारी नळ टपटपत होता. खालची फरशी फुटून ओल धरलेली, आणि फटीफटीतून बोटभर उंचीचं निळं काहीतरी. सर वाकले. भिंग डोळ्याशी नेलं, काढलं, पुन्हा नेलं.

"लिहून घे," ते मुलीला म्हणाले. "ठिकाण: नळ. जमीन: कायम ओली. कारण: नळ गळतो."

"चाळीस वर्षं सांगतेय मी, नळ गळतो म्हणून," काकू म्हणाल्या.

"बरं झालं ऐकलं नाही. पुढे लिही. प्रथम नोंद: माझी बायको."

"इश्श! मी कसली नोंद करतेय!"

"अकरा वेळा," सर भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. "अकरा वेळा चढलो मी ते पठार."

"आणि अकराही वेळा परत येऊन इथंच पाय धुतलेत."

सरांनी खाली बघितलं. दोन्ही चपलांच्या भोवती निळं होतं. त्यांनी उजवा पाय अलगद उचलला. तो कुठे ठेवावा ते कळेना. एक हात काकूंच्या खांद्यावर टाकून ते तसेच, एका पायावर उभे राहिले.