तासाभराचं म्हातारपण

नव्याने कामाला लागलेल्या मुलींना तासभर म्हातारं करायचं, असं वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी ठरवलं. म्हाताऱ्यांचे हाल कळायला नकोत का? गुडघ्यांना वाळूच्या पिशव्या बांधल्या, कानांत कापूस कोंबला, चष्म्याच्या काचांना तेल फासलं आणि हातांत दोन-दोन हातमोजे चढवले.

खिडकीजवळच्या खुर्चीतून आजी मजा बघत होत्या. त्यांना रोज दुपारी भरवणारी ती तुरुतुरु चालणारी पोरगी आज भिंत धरधरून निघाली होती. आजींना हसू आवरेना.

मग तिला टेबलाशी बसवलं आणि मैत्रीण तिला भरवायला लागली. एक घास गिळतेय तोवर दुसरा तोंडाशी हजर. "शहाणं माझं बाळ ते!" सगळ्या खिदळल्या. पोरगीही आधी हसली, मग चिडली, आणि शेवटी तिने चमचाच हिसकावला.

"अगं, माझा हात काही मोडलेला नाही! खाईन की मी माझ्या हाताने. सांडलं तर सांडलं!"

आजींचं हसू थांबलं. पोरगी इथे आल्यापासून त्या तिला दुसरं काय सांगत होत्या? हात थरथरायचा, कबूल. पण थरथरला तरी आपला हात तो आपला. कळलं बाई पोरीला एकदाचं, असं वाटून त्यांना इतका आनंद झाला की चक्क भूक लागली.

जेवणाच्या वेळी पोरगी धावतपळत आली. मनगटावर हातमोज्यांचे वळ अजून दिसत होते.

"काय वैताग हो, आजी! जीव नुसता मेटाकुटीला आला. तासाभरात सुटले म्हणून बरं!" बोलता बोलता तिने आजींच्या गळ्याशी फडकं बांधलं आणि सूपमध्ये चमचा बुडवला.

आजींनी हात पुढे केला. चमच्याला बोटं लागलीसुद्धा. पोरीने तो हात अलगद उचलून फडक्याखाली ठेवला, वर थोपटला. "असू दे हो. मी आहे ना!"

"माझा तास कधी संपायचा गं?" आजींनी विचारलं.

पोरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग शेजारी एका आजोबांना भरवणाऱ्या मैत्रिणीकडे. "आज आजींना वेळेचं काही भान नाही गं," ती हळूच म्हणाली. मग आजींच्या कानाशी वाकून ओरडली, "जेवायची वेळ झालीय, आजी! आ करा बघू. शहाणं माझं बाळ ते!"

आजींनी आ केला.